शिक्रा, बेसरा की चक्क पावशा?

प्रश्न : डिसेंबरात भीमाशंकरला काढलेले एका छोट्या शिकारी पक्ष्याचे दोन फोटो पाठवतो आहे. पाठ तपकिरी, छातीवर उभे फराटे, डोळे पिवळे, गळ्यावर मधोमध गडद रेघ. रेघ दिसली म्हणून मी वहीत ‘बेसरा’ लिहिलं. मित्र म्हणतो, शिक्र्याचं पिल्लू. कोण बरोबर?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : मित्र. पण या रेघेने भलेभले फसतात. ती शिक्र्यालाही असते, प्रौढाला पुसट राखाडी आणि पहिल्या वर्षाच्या पक्ष्याला चांगली ठसठशीत. तेव्हा रेघ आहे का, हे पाहून भागत नाही. किती जाड आहे ते पाहायचं. बेसऱ्याची रेघ काळी, रुंद, ब्रशने ओढल्यासारखी. तुमच्या पक्ष्याची पेन्सिलीची आहे. त्यातही पक्ष्याने मान ताणली की रेघ बारीक होते, आखडली की जाड, आणि उजेड मागून असला तर सगळा गळाच काळवंडतो. म्हणून एका फोटोवर निकाल देऊ नये.

डोळ्यांचा रंग इथे कामाचा नाही, दोन्ही जातींची पिल्लं पिवळ्या डोळ्यांचीच. आकारही सोडून द्या. दोन्ही साधारण 30 ते 35 सें.मी., आणि मादी नरापेक्षा मोठी असल्याने मापं एकमेकांत मिसळतात.

खरा पुरावा तुमच्या दुसऱ्या फोटोत आहे. फांदीवरचा पाय मोठा करून पाहा : नळी, म्हणजे बोटांच्या वरचा उघडा भाग, आखूड, जाडसर, बोटंही बेताची. हा शिक्रा. बेसऱ्याची नळी काडीसारखी असते आणि मधलं बोट नजरेत भरेल इतकं लांब. शेपूटही तेच सांगते. बेसऱ्याचे गडद पट्टे मधल्या फिक्या पट्ट्यांएवढे रुंद, शिक्र्याचे अरुंद.

प्रौढांत घोळ कमी. शिक्र्याचा नर फिका राखाडी, लाल डोळ्यांचा, छातीवर बारीक तांबूस आडव्या रेघा. बेसरा पाठीला पाटीसारखा गडद, छातीच्या मधोमध उभे फराटे, खाली पोटावर जाड आडवे पट्टे. बेसरा दाट जंगल सहसा सोडत नाही, शिक्रा मात्र गावातल्या वडापिंपळावरही घरटं करतो. नुसत्या आवाजावरून नोंद करू नका, भृंगराज पक्षी शिक्र्याची नक्कल बेमालूम करतो.

प्रश्न : हिवाळ्यात टेकडीवर घिरट्या घेणारा युरेशियन स्पॅरोहॉक शिक्र्यापासून वेगळा कसा काढायचा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पंखाच्या टोकाची सुटी पिसं, म्हणजे ‘बोटं’, मोजा. शिक्र्याला 5, स्पॅरोहॉकला 6. डोळ्यांनी मोजायच्या भानगडीत पडू नका. सलग फोटो काढा आणि पंख पूर्ण पसरलेला एक निवडा. पीस गळून नवं अर्धवट आलेलं असेल तर आकडा चुकतो, म्हणून दोन्ही पंख मोजायचे. मग पंखाची खालची बाजू : प्रौढ शिक्र्याची फिकी, टोकाशी काळपट, स्पॅरोहॉकची ठळक पट्टेरी. याच्या गळ्यावर मधली रेघ नसते आणि मादीला पांढरी भुवई असते. जंगलात मात्र 6 बोटं दिसली म्हणून हुरळू नका. शेंडीवाल्या बाजालाही 6 असतात, पण त्याचे पंख रुंद, गोलसर आणि शेपटीच्या बुडाशी पांढरी पिसं कापसासारखी फुगलेली.

प्रश्न : अंगणातल्या आंब्यावर शिक्रा बसला, सातभाईंनी गोंगाट केला, पण तो कोणावर झडप घालेना. आजारी असेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बहुधा तो शिक्रा नव्हताच, कोकिळेच्या कुळातला पावशा होता. ‘पेरते व्हा’ ओरडेपर्यंत त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. राखाडी पाठ, पट्टेरी शेपूट, चार फडके मारून तरंगणं, सगळं शिक्र्यासारखं. सातभाईंचा गोंगाटही पुरावा नाही : शिक्रा त्यांना खातो, पावशा त्यांच्या घरट्यात अंडी घालतो, ओरडा दोघांवरही होतो. चोच पाहा. शिक्र्याची आखूड, आकड्यासारखी, बुडाशी मेणचट पिवळी. पावशाची बारीक, जेमतेम वाकलेली, आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. पावशाची दोन बोटं पुढे, दोन मागे. शिक्र्याची तीन पुढे, एक मागे, नख्या बाकदार. शिवाय पावशा बसल्यावर पंख खाली सोडतो आणि शेपूट डावी-उजवीकडे हलवतो.