अबोल माणसांसाठी व्हिडिओवरचं नेटवर्किंग जास्त न्याय्य ठरू शकतं का?

तुम्ही लिहिलं आहे की तुम्ही चाकणला डिझाइन इंजिनीअर आहात, राहायला धायरीला, स्वभावाने अबोल. बाणेर-बालेवाडीकडे हॉटेलांच्या हॉलमध्ये भरणाऱ्या मीटअपना जाता, कोपऱ्यात उभं राहून चहा घेता आणि कुणाशीही धड न बोलता परत येता. अशा माणसाला व्हिडिओ कॉलवरून ओळखी वाढवणं जास्त न्याय्य ठरेल का, असा तुमचा प्रश्न आहे. इंग्रजीत अडखळतो, असंही जाता जाता म्हटलं आहे. त्याकडे शेवटी येते.

ठरू शकतं, पण त्याला एक अट आहे. घोळक्यात बोलण्याची पाळी हिसकावून घ्यावी लागते. व्हिडिओवर ती वाटून देता येते. सगळा न्याय या वाटून देण्यात आहे. जिथे कॉल व्हिडिओवर असूनही पाळी कुणी ठरवलेली नसते, तिथे अबोल माणसाचे हाल हॉटेलच्या हॉलपेक्षाही जास्त होतात. मी गाड्यांच्या सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये आहे आणि याच क्षेत्रातल्या पुण्यातल्या लोकांच्या ऑनलाइन भेटी आम्ही काही जण मिळून बरीच वर्षं भरवतो आहोत. दोन्ही प्रकारच्या भेटी जवळून पाहिल्या आहेत, म्हणून एवढं ठामपणे लिहिते.

आधी त्या हॉलबद्दल. चार-पाच जणांचं कोंडाळं, सगळ्यांच्या पाठी बाहेरच्या बाजूला, वर स्पीकरवर गाणी. त्यात शिरायचं म्हणजे चालू वाक्य तोडून आपलं नाव सांगायचं. ज्याला याचा संकोच नाही त्याच्या तासाभरात दहा ओळखी होतात. फिक्स्चर (काम करताना सुटा भाग धरून ठेवणारी चौकट) कोण चांगलं डिझाइन करतो, बिघाडाचं मूळ कोण लवकर शोधतो, याचा त्याच्याशी काही संबंध नसतो. ‘बोलणाऱ्याची बोरं विकली जातात’ असं आपल्याकडे म्हणतात आणि ते हसून सोडून देतात. पण त्या हॉलमधूनच पुढे रेफरल जातात, नोकऱ्या ठरतात, तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखं राहत नाही.

आणि सगळ्या अबोल माणसांचा स्वभावच अबोल असतो असंही नाही. संध्याकाळी साडेसहाचा कार्यक्रम म्हटला की चाकणहून निघणारा माणूस नाशिक फाट्यापर्यंत येईतोच दमलेला असतो. कुणाचं मूल पाळणाघरात वाट पाहत असतं. कुणाला एका कानाने कमी ऐकू येतं आणि गोंगाटात तर काहीच कळत नाही. लातूर-नांदेडकडून येऊन पहिल्या नोकरीला लागलेला मुलगा आजूबाजूचं सफाईदार इंग्रजी ऐकूनच गप्प होतो. हे सगळे ‘शांत’ म्हणून एकाच रांगेत बसवले जातात. घरी, मित्रांत त्यातले कित्येक भरभरून बोलतात.

आता तुमच्यावरचं एक ओझं कमी करते. नेटवर्किंग म्हणजे खूप लोकांशी घट्ट दोस्ती, असं तुमच्या मनात असेल तर ते काढून टाका. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचा ‘सैल नात्यां’वरचा निबंध १९७३ साली आला. बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ज्यांनी ओळखीतून नवी नोकरी मिळवली होती त्यांना त्याने विचारलं, की ज्याच्याकडून नोकरी कळली तो माणूस त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटत होता? वारंवार भेटत होतो म्हणणारे १७ टक्क्यांच्या आसपास. बाकीचे अधूनमधून भेटणारे, आणि त्यातही एक चतुर्थांशाहून अधिक लोकांची ती भेट वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी. कारण सरळ आहे. रोज जेवणाच्या टेबलावर सोबत बसणाऱ्याला जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीत असतंच. लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवरचा अभ्यास २०२२ साली ‘सायन्स’मध्ये छापून आला, त्यातही नोकरी बदलायला मध्यम सैल ओळखी सर्वांत कामी आल्याचं दिसलं.

म्हणजे तुम्हाला लागतात त्या वर्षातून दोनदा वीस मिनिटं बोलून टिकणाऱ्या ओळखी. अबोल माणसाला हे पेलतं. आणि वीस मिनिटांसाठी धायरीहून बालेवाडी कुणी गाठणार नाही, पण कॉल जरूर लावेल.

पण मी अट का घातली तेही सांगायला हवं. माणसं बोलताना एकाचं संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं यात किती वेळ जातो, हे २००९ साली दहा भाषांमध्ये मोजलं गेलं. जपानी, डॅनिश, कोरियन, लाओ अशा एकमेकींपासून दूरच्या भाषा त्यात होत्या. सरासरी अंतर २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघालं, म्हणजे पाव सेकंदही नाही. समोरासमोर आपण श्वास, डोळे, हाताची हालचाल पाहून ही संधी आधीच ओळखतो. कॉलवर ही चिन्हं पुसट होतात, वर आवाज पोचायलाच उशीर. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. घरचं वायफाय तीन जण वापरत असताना तो सहज त्यापुढे जातो. त्यामुळे ‘आता हे थांबले, बोलावं’ असं तुम्ही ठरवेपर्यंत दुसऱ्या कुणीतरी सुरुवात केलेली असते. जो फट मिळायची वाट पाहतो त्याला फट मिळतच नाही, आणि जो वाट न पाहता बोलतो त्याचाच चेहरा स्पीकर व्ह्यूमध्ये पडदाभर होतो.

म्हणून तीस जणांना एका कॉलवर घेऊन ‘ज्यांना बोलायचंय त्यांनी अनम्यूट करा’ असं म्हणणं हा मला सर्वांत अन्यायकारक प्रकार वाटतो. संयोजकाला वाटतं आपण दार सताड उघडं ठेवलं. आत मात्र तेच चार जण बोलतात.

आमच्याकडे काय करतो ते लिहिते, कारण तुम्ही जिथे जाता तिथल्या संयोजकांना हे सुचवता येईल. प्रश्न आदल्या दिवशीच पाठवतो आणि तो कामाचाच असतो. ‘स्वतःबद्दल सांगा’ असं कधीच विचारत नाही, कारण त्यात फक्त पदवीची आणि पदाची यादी येते. ‘गेल्या सहा महिन्यांत कशावर अडलात आणि ते कसं सुटलं, किंवा सुटलंच नाही?’ असा प्रश्न असतो. तयारी करून बोलणाऱ्याला यात बरोबरीने उतरता येतं. मग तिघांच्या ब्रेकआऊट रूम, म्हणजे त्याच कॉलमधल्या छोट्या वेगळ्या खोल्या. चौघे झाले की दोघं बोलतात आणि दोघं ऐकतात, हे इतक्यांदा पाहिलं आहे की तीनचा आकडा आम्ही सोडत नाही. नावाच्या अक्षरक्रमाने पाळी जाते. ‘पास’ म्हणायची मुभा असते, पण पास म्हणणाऱ्याकडे शेवटी पुन्हा एकदा वळायचं हे रूममधल्या प्रत्येकाला आधी सांगितलेलं असतं. ही दुसरी वेळ फार महत्त्वाची आहे. पहिल्यांदा पास म्हणणारे बहुतेक जण दुसऱ्यांदा बोलतात, आणि बऱ्याचदा सगळ्यांत नेमकं तेच बोलतात.

सगळे एकत्र आल्यावर दोन मिनिटं कुणीही बोलायचं नाही. प्रत्येकाने चॅटमध्ये लिहायचं आणि सांगितल्यावर एकदम पाठवायचं. जर्मनीत बर्न्ट रोरबाख यांनी १९६८ साली सहा माणसं, तीन कल्पना, पाच मिनिटं अशी लिहून विचार मांडायची पद्धत काढली, ती याच जातीची. आणि खरं तर आपल्या पुण्याला ही गोष्ट नवी नाही. ज्या शहरात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून भरते, तिथल्या श्रोत्यांना प्रश्न चिठ्ठीवर लिहून व्यासपीठावर पाठवायची सवय आहे. चॅट म्हणजे ती चिठ्ठीच. प्रश्न चांगला असेल तर तो वाचला जातो, विचारणाऱ्याचा आवाज मोठा असावा लागत नाही. फक्त ती चिठ्ठी मोठ्याने वाचणारा कुणीतरी हवा. आमच्याकडे एक जण तेवढ्याच कामाला असतो, नाहीतर चॅटमधलं चॅटमध्येच राहतं.

आमच्या भेटींना येणारा एक मुलगा महिनोन्‌महिने माइक न उघडता बसायचा. एकदा बॅटरीच्या तापमानाच्या सेन्सरबद्दल चर्चा चालू होती. त्याने चॅटमध्ये चारच ओळी लिहिल्या, की हार्नेसचं (तारांच्या जुडग्याचं) अर्थिंग तपासलं का, आमच्याकडे अगदी असंच रीडिंग हलत होतं. त्या वाचून दाखवल्यावर सगळी चर्चा त्याच्या बाजूला वळली. दुसऱ्या कंपनीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी त्याला तिथेच खासगी निरोप पाठवला आणि आठवडाभरात दोघांचा कॉल झाला. पुढे त्याने नोकरी बदलली तेव्हा पहिला शब्द त्याच बाईंनी टाकला होता. हॉलमध्ये त्या दोघांची गाठ पडली असती असं मला अजिबात वाटत नाही.

तुमच्यासाठी मात्र गटापेक्षा दोघांचा कॉल जास्त उपयोगी. भेटीत कुणाचं बोलणं आवडलं की दुसऱ्या दिवशी असं लिहा: ‘काल तुम्ही टॉलरन्स स्टॅकअपबद्दल जे म्हणालात त्यावर मला दोन प्रश्न आहेत. पुढच्या आठवड्यात वीस मिनिटं व्हिडिओवर बोलता येईल का? प्रश्न आधी पाठवतो.’ प्रश्न खरंच आधी पाठवा. समोरच्याला कळतं की हा माणूस वेळ वाया घालवणार नाही, आणि तुम्हाला पहिली पाच मिनिटं काय बोलायचं ही धास्ती उरत नाही. पडदा शेअर करून एखादं ड्रॉइंग समोर ठेवलंत तर दोघांचीही नजर एकमेकांच्या चेहऱ्यावरून कामावर जाते. मुखदुर्बळ माणसं ड्रॉइंगवर बोट ठेवून किती मोकळी बोलू लागतात हे मी बघितलं आहे. कॉलनंतर काय ठरलं ते दोन ओळींत लिहून पाठवा. अबोल माणसं लिहितात चांगलं, आणि लिहिलेलं लक्षात राहतं.

कॅमेऱ्याची सक्ती कुणी करत असेल तर मी तिच्या विरोधात आहे. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली: सतत जवळून रोखलेले डोळे, सारखा दिसणारा आपलाच चेहरा, एका जागी जखडून बसणं, आणि हावभाव पाठवायला व ओळखायला लागणारे जास्तीचे कष्ट. आपला चेहरा आपल्यापुरता लपवायची सोय झूम आणि मीट दोन्हीत आहे. ती लगेच वापरा, फरक पडतो. शिवाय दोन खोल्यांच्या घरात मागे आई स्वयंपाक करत असताना कॅमेरा बंद ठेवणाऱ्याला ‘रस नाही’ असं ठरवणं चूक आहे. दोघांच्या कॉलवर पहिली पाच मिनिटं चेहरा दिसला तरी ओळख पटते, पुढे नुसता आवाज पुरतो.

नोकरीच्या मुलाखतींतल्या आणखी एका प्रकारापासून सावध राहा: समोर माणूसच नाही, पडद्यावर प्रश्न येतो आणि आपण उत्तर रेकॉर्ड करायचं. त्यातला काही भाग आम्हा शांत लोकांच्या सोयीचा वाटतो, कारण कुणी मध्येच तोडत नाही. पण त्या चित्रफितीचा चेहरा-हावभाव वाचून यंत्राने गुण द्यायचे ठरवले, की कमी हसणारा, सावकाश बोलणारा माणूस पुन्हा मागे पडू शकतो. हायरव्ह्यू या अमेरिकी कंपनीने चेहऱ्याचं विश्लेषण सोडून दिल्याचं जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं. युरोपीय संघाने तर कामाच्या ठिकाणी यंत्राकडून भावना ओळखण्यावर फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळून. तुम्हाला कुणी असा व्हिडिओ मागितला तर तो माणूस पाहणार की यंत्र, हे विचारून घ्या. विचारण्यात काही उद्धटपणा नाही.

आता इंग्रजी. चाकण, भोसरी, पिंपरीच्या कारखान्यांत वरच्या पदांवरही मराठी माणसं भरपूर आहेत आणि दोघांच्या कॉलवर मराठीत बोलायला त्यांना आनंदच होतो. मोठ्या गटात भाषा बदलायला संकोच वाटतो, दोघांत वाटत नाही. तांत्रिक शब्द इंग्रजीच राहू द्या, वाक्य मराठीत करा. पहिला कॉल असाच होऊ दे. इंग्रजीची सवय करायची असेल तर पुढच्या वेळी सुरुवातीलाच सांगा की आज दहा मिनिटं इंग्रजीत बोलू, अडलो तर मराठीवर येईन. मी आमच्या गटातल्या बऱ्याच जणांना हे करायला सांगितलं आहे आणि समोरून अजून कुणी नाही म्हटल्याचं ऐकलेलं नाही.