बदली सांगलीला झाली आहे. घर सांगलीत बघू की मिरजेत?

तुमची नोकरी सांगलीत, मिरजेत भाडं कमी सांगतायत, आणि 'मिरजेत राहून गैरसोय होईल का' असं तुम्ही विचारलंय. हा गैरसोय शब्द मी 2019 पासून घरात ऐकतेय, म्हणून लिहायला बसले.

माझं माहेर मिरज, सासर सांगलीचं गावभाग, म्हणजे नदीकाठची जुनी वस्ती. त्या ऑगस्टमध्ये कोयनेतून पाणी सोडलंय, पातळी वाढतेय, हे सगळ्यांना माहीत होतं. आमचे मोठे दीर म्हणाले, 2005 ला पाणी जिथवर आलं त्याच्या वर येत नाही. त्यांनी भिंतीवर खूण करून ठेवली होती. त्या भरवशावर आम्ही धान्याचे डबे माळ्यावर टाकले आणि कागदपत्रं शिसवी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली. सांगलीतल्या आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी 45 फूट म्हणजे धोका. त्या वेळी पातळी 57 च्या वर गेली. खूण पाण्याखाली गेली आणि सासूबाईंना पाठुंगळी घेऊन आम्ही बोटीत बसलो. माझ्या आईकडे मिरजेत तेरा माणसं अकरा दिवस राहिली.

परत आलो तर कपाटाचं दार फुगून बसलेलं. दोन आठवडे उघडेना, शेवटी सुतार बोलावून फोडलं. आत ह्यांच्या दहावी-बारावीच्या मार्कशीट, खरेदीखत, आमच्या लग्नाचे फोटो, सगळ्याचा मिळून एक गठ्ठा झालेला. पानं सोडवायला गेलं की शाई बोटाला यायची. सासूबाई तो गठ्ठा मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

दिवाळीच्या आधी आम्ही मिरजेला आलो, लक्ष्मी मार्केटपासून चालत दहा मिनिटांवर. तेव्हापासून दीर चारचौघांत म्हणतात, बायकोच्या गावी जाऊन राहिला. माझ्या नवऱ्याने हा निर्णय स्वतः घेतला, त्या कपाटासमोर उभं राहून घेतला. तो माहेराचा हट्ट नव्हता, हे मला इथे स्पष्ट लिहायचंय.

आता गैरसोयीचं. अंतर आठ-दहा किलोमीटर. एसटीची सिटी बस आहे, वडाप म्हणजे शेअर गाड्या आहेत, आमचे हे रोज जातात-येतात. महापालिका 1998 पासून एकच आहे, सांगली-मिरज-कुपवाड, त्यामुळे तुम्ही गावाबाहेर राहायला जाताय असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. रेल्वेचं जंक्शन मिरजेत आहे. 2016 ला लातूरला पाण्याची गाडी गेली ती इथूनच. दवाखान्यांसाठी तर सांगलीची आणि कर्नाटकातली माणसं मिरजेला येतात. माझ्या सासऱ्यांचं ऑपरेशनही मिरजेतच झालं होतं, तेव्हा कोणाला गाव लांब वाटलं नाही. आणि सतार-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीतून संध्याकाळी जा. भोपळे वाळत टाकलेले असतात, आत कोणीतरी तारा जुळवत असतं. माझी मुलगी शाळेतून येताना तिथे पायरीवर बसते. असं गाव कमी प्रतीचं कसं म्हणायचं?

मिरजेतही डोळे झाकून घर घेऊ नका मात्र. कृष्णाघाटाकडे पुराचं पाणी येतंच. आणि सांगलीत राहायचंच असेल तर विश्रामबाग बघा, तिथलं भाडं परवडत असेल तर चांगलंच. शामरावनगरात नुसत्या पावसाचंही पाणी तुंबतं. कापड, सोनं, लग्नाची खरेदी यासाठी मीही अजून सांगलीच गाठते. शाळांचं तुम्ही विचारलंय, पण मुलं कितवीत आहेत ते लिहिलं नाहीत.

घर बघायला जाल तिथे मालकाला विचारू नका. समोरच्या दुकानदाराला विचारा, 2019 ला पाणी कुठवर होतं. तो हात करून दाखवेल.

दीर अजून गावभागातच आहेत. आयर्विनला 40 फूट झाले की जाऊबाईंचा फोन येतो, आणि संध्याकाळपर्यंत सासूबाई, त्यांची औषधं आणि कागदपत्रांची पिशवी आमच्याकडे मिरजेत आलेली असते.