एआयसाठी इंजिनीअरिंग सोडावं का?

प्रश्न : मुलगा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘एआयमध्ये गोल्ड रश चालू आहे, डिग्री होईपर्यंत सगळं संपेल’ म्हणतो. कॉलेज सोडून तीन लाखांचा सहा महिन्यांचा कोर्स करायचा हट्ट आहे. काय करू? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, त्याला क्लोंडाइकच्या गोल्ड रशची, म्हणजे सोन्यासाठी उडालेल्या झुंबडीची, हकिगत सांगा. कॅनडाच्या युकॉन प्रदेशात ऑगस्ट १८९६ मध्ये एका ओढ्यात सोनं सापडलं. बोटीने ती बातमी सिएटल आणि सॅन फ्रान्सिस्कोला पोचेपर्यंत जुलै १८९७ उजाडला. तोवर चांगल्या ओढ्यांकाठची जागा आधीपासून तिथे असलेल्यांनी नावावर करून घेतली होती. तरीही सुमारे एक लाख माणसं घरदार सोडून निघाली. त्यातली तीस-चाळीस हजारच सोन्याच्या भागातल्या डॉसन गावी पोचली, बरीचशी १८९८ च्या उन्हाळ्यात. सोनं खरंच होतं, यांच्या वाट्याला मात्र मजुरी आली. १८९९ मध्ये अलास्कातल्या नोमला सोनं सापडल्याची बातमी आली आणि हजारो जण तिकडे पळाले.

एआयमध्ये काम आहे, हे मुलाचं म्हणणं बरोबर आहे. पण त्याला ज्या घाईची भीती वाटते, तीच घाई कोर्सवाले विकत आहेत.

क्लोंडाइकच्या वाटेवर कॅनडाच्या पोलिसांनी एक नियम केला होता. वर्षभराचा शिधा सोबत नसेल, तर खिंडीतून पुढे सोडायचं नाही. लोक कुरकुरले असतील, पण या नियमाने कितीतरी जीव वाचले असणार. तुमच्या मुलाचा शिधा म्हणजे संख्याशास्त्र, लिनिअर अल्जेब्रा आणि डेटा स्ट्रक्चर्स. आजचं टूल उद्या बदललं, तरी हे विषय कामाला येतात, आणि ते त्याच्या डिग्रीतच आहेत. शिवाय अनेक कंपन्यांच्या भरतीत पदवीची अट असते. म्हणून कॉलेज सोडू देऊ नका, हे मी स्पष्टच सांगते.

शिकायची ओढ आहे, तर तीही अडवू नका. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणाच्या उपक्रमात मशीन लर्निंगचे कोर्स विनामूल्य शिकता येतात, फी फक्त परीक्षेची. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी कॉलेज सांभाळून करणारे विद्यार्थीही आहेत. तीन लाखांच्या कोर्सवाल्यांकडे मागच्या बॅचच्या दहा मुलांचे नंबर मागा. तुमच्या निवडीची दहा, त्यांच्या नव्हे. शिवाय फी परतीची अट लेखी घ्या.

आणि या सुट्टीत त्याला एक काम द्या. लासलगावच्या कांद्याचे रोजचे भाव ॲगमार्कनेट या बाजारभावांच्या सरकारी वेबसाइटवर मिळतात. मागच्या काही वर्षांचे भाव गोळा करून पुढच्या आठवड्याचा अंदाज बांधणारं मॉडेल त्याने स्वतः करावं. कुठे अडला ते लिहून मला पाठवू दे, कोर्सबद्दल त्यानंतर बोलू.