आजचे भयपट जुन्या क्लासिक भयपटांच्या तोडीचे आहेत का?

'द एक्झॉर्सिस्ट'सारखे भयपट आता निघत नाहीत, नव्यांत नुसतं दचकवणं उरलंय असं सगळे म्हणतात, त्यात तथ्य किती, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे. हॉलिवूडचे चांगले नवे भयपट जुन्यांच्या तोडीस तोड आहेत, आणि आपल्याकडचे तर जुन्यांच्या पुढे गेलेत. आपल्याकडे एकच अपवाद आहे, त्याच्याकडे येतोच. पुढे बऱ्याच सिनेमांची रहस्यं फुटणार आहेत, तेव्हा पाहायचे राहिले असतील तर आधी पाहून घ्या.

भयपट मी जोखतो तो पडद्यावर भूत नसतानाच्या प्रसंगांवरून. ते प्रसंग कंटाळवाणे असतील तर भूत कितीही भारी असो, दुसऱ्यांदा तो सिनेमा लावावासा वाटत नाही.

'द एक्झॉर्सिस्ट' 1973 चा, सैतानाने झपाटलेल्या एका मुलीची गोष्ट. लोकांना त्यातली हिरवी उलटी आणि गर्रकन फिरणारी मान आठवते. मला आजही बघवत नाही तो भाग हॉस्पिटलमधला आहे. मेंदूत काही दोष आहे का ते शोधायला डॉक्टर त्या पोरीच्या मानेत सुई घालतात, रक्ताची चिळकांडी उडते, मग ते धाडधाड आवाज करणारं मशीन सुरू होतं. सैतानाचा कुठे पत्ता नाही. आहे ती एक घाबरलेली मुलगी, आणि पैसा-प्रसिद्धी सगळं असून काही करू न शकणारी तिची आई. चाचण्यांमागून चाचण्या होतात, हाती काही लागत नाही, आणि शेवटी डॉक्टरच चाचरत सैतान उतरवायच्या विधीचा विषय काढतात. आपल्याकडे डॉक्टर थकले की देवऋषी हा क्रम कितीतरी घरांनी पाहिलेला आहे. म्हणून तो भाग आपल्याला परका वाटत नाही.

त्यातच फादर कॅरसची म्हातारी आई आहे. न्यूयॉर्कच्या जुनाट खोलीत एकटी राहणारी. तिला सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्डात टाकावं लागतं, कारण पाद्री झालेल्या मुलाकडे पैसे नाहीत. ती जाते. पुढे सैतान कॅरसला बरोबर त्याच जखमेवर गाठतो. मुख्य विधी करणारे फादर मेरिन घरात पाऊल टाकतात तोवर सिनेमा निम्म्याच्या बराच पुढे गेलेला असतो, आणि तोवर या सगळ्यांचं काय दुखतंय ते आपल्याला माहीत झालेलं असतं. एवढा वेळ द्यायची हिंमत, हेच जुन्या चांगल्या भयपटांचं खरं बळ.

आता 2018 चा 'हेरेडिटरी' घ्या. ॲरी ॲस्टरचा हा पहिलाच मोठा चित्रपट. गाडीतल्या अपघातात धाकटी बहीण मरते. गाडी चालवणारा पीटर मागे वळून बघत नाही. तो तसाच घरी येतो आणि अंथरुणात पडून राहतो. सकाळ होते. कॅमेरा त्याच्या उघड्या डोळ्यांवर थांबलेला. लांबून आईची चाहूल येते, ती गाडीकडे जाते, आणि मग तिचा हंबरडा. आपल्याला दिसतो तो फक्त पोराचा चेहरा. नंतर जेवणाच्या टेबलावर त्या आईचा बांध फुटतो तो प्रसंग तर कुठल्याही कौटुंबिक नाटकात शोभावा. टोनी कोलेटने तिथे जे केलंय त्याला तोड नाही. हे दोन्ही प्रसंग मी 'एक्झॉर्सिस्ट'च्या शेजारी बिनदिक्कत ठेवतो.

कमी पडतो तो शेवट. पंथ कोणता, राजा कोण, कुणाचा कट, हे सगळं शेवटच्या भागात फोडून सांगितलंय, आणि सांगितल्यावर भीती उतरते. नव्यांपैकी बऱ्याच जणांना हा आजार आहे. 'एक्झॉर्सिस्ट' सुरुवातीला इराकच्या उत्खननात सैतानाची खूण दाखवतो, पण त्याने हीच मुलगी का निवडली याचा पक्का खुलासा शेवटपर्यंत करत नाही.

दचकवण्याचं म्हणाल तर तो आजच्यांचा शोध नव्हेच. 1942 च्या 'कॅट पीपल'मध्ये एक बाई रात्री सुनसान रस्त्याने चालली आहे, मागे कुणीतरी आहे, पावलांचा आवाज थांबतो, आणि फिस्स करून मोठ्ठा आवाज येतो. बसचे ब्रेक! त्या युक्तीला सिनेमावाले अजून त्या सिनेमाचा निर्माता व्हॅल लुटन याच्या नावाने 'लुटन बस' म्हणतात. म्हणजे युक्ती ऐंशी वर्षांहून जुनी. फरक असा की तिथे त्या बाईची काळजी आधी वाटायला लागते, मग बस येते. 2018 च्या 'द नन'मध्ये शांतता, कर्कश आवाज, पुन्हा शांतता एवढंच चक्र आहे. कानाशी कुणी फटाका फोडला तरी माणूस दचकणारच, त्याला कथा लागत नाही. तुमची तक्रार अशा सिनेमांबद्दल असेल तर ती शंभर टक्के रास्त आहे.

आता आपल्याकडे येऊ, कारण इथे 'जुनं ते सोनं' मला मुळीच पटत नाही. 'महल' (1949), 'बीस साल बाद' (1962), 'वो कौन थी' (1964) हे देखणे सिनेमे आहेत. 'महल'मधलं 'आएगा आनेवाला' लागलं की आजही अंगावर काटा येतो. पण तिन्हीमध्ये शेवटी निघतं काय, तर माणूस. भूत नव्हतंच, कुणाचा तरी डाव होता. ही उत्तम रहस्यकथांची परंपरा आहे, पण भयपटाने जी भीती उभी केली ती शेवटी त्यानेच रद्द करून टाकायची, हे मला पळवाट वाटतं.

रामसे बंधूंनी ती पळवाट बंद केली हे त्यांचं श्रेय. त्यांचं भूत बहुतेकदा खरंच भूत असायचं. भाऊभाऊच दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन, ध्वनी सांभाळायचे, आणि 1972 चा 'दो गज़ ज़मीन के नीचे' त्यांनी महाबळेश्वरला मुक्काम ठोकून कमी पैशात उरकला. त्या जिद्दीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण 'पुराना मंदिर' (1984) आज लावून बघा. त्यातल्या सामरी या राक्षसाचा चेहरा अजूनही दचकवतो, आणि मधेच जगदीपचं 'शोले'चं विडंबन सुरू होतं. भीती जमायला लागली की गाणं, नाहीतर विनोद. भूत नसतानाच्या प्रसंगांत हे सिनेमे साफ झोपतात.

अपवाद म्हटलं तो रामगोपाल वर्मांचा 'रात' (1992). साधं मध्यमवर्गीय कुटुंब नव्या घरात येतं, आईच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी, मुलगी रेवती. वडिलांच्या गाडीखाली चुकून मांजर सापडतं. बस, एवढ्यावर सिनेमा कितीतरी वेळ चालतो. कुणाचा तरी डोळा असल्यासारखा कॅमेरा जमिनीलगत सरकत राहतो. एवढं धाडस त्या काळात हिंदीत दुसऱ्या कुणी दाखवल्याचं मला आठवत नाही.

आणि मग 2017-18 पासून खरी भर पडली. विशाल फुरियांचा मराठी 'लपाछपी' (2017) उसाच्या फडात, भर उन्हात घाबरवतो. गरोदर पूजा सावंतची उषा नाईक जी काळजी घेतात, त्या काळजीचीच भीती वाटायला लागते, कारण पोटात मुलगा की मुलगी यावर सगळं अडलेलं आहे. याच दिग्दर्शकाने पुढे तो हिंदीत 'छोरी' नावाने केला, पण मूळ मराठीच बघा. 'तुंबाड'मध्ये (2018) सगळे सोन्याची नाणी बाळगणाऱ्या हस्तर या राक्षसाचं बोलतात, मला मात्र ती नाणी चोरणारे बाप-लेक आठवतात. नाणी थोडी थोडी कशाला आणायची, सगळीच एकदम आणू, हे पोरगं सुचवतं आणि बाप खूश होतो. तो लोभ पुढच्या पिढीत उतरलेला पाहताना जे वाटतं ते 'महल'च्या कुठल्याच झुंबराखाली वाटत नाही. 2024 मध्ये तो पुन्हा थिएटरात लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. भयकथाकार नारायण धारपांवर पोसलेल्या आम्हा वाचकांना ते बघून फार बरं वाटलं.

तुम्हाला एकच सिनेमा बघायचा असेल तर मल्याळम 'भूतकालम' (2022) बघा. आजी वारते, घरात उरतात नैराश्याशी झगडणारी आई आणि नोकरी न मिळणारा मुलगा. दोघांचं एकमेकांशी पटत नाही, दोघांनाही घरात काहीतरी जाणवतं, आणि एकाचं दुसऱ्याला खरं वाटत नाही. भूत जवळजवळ शेवटापर्यंत दिसत नाही, दिसायची गरजही पडत नाही. आईचं काम केलंय रेवतीने, 'रात'मधल्या त्याच मुलीने, तीस वर्षांनंतर. आधी 'रात' आणि लगेच हा, असे एका शनिवार-रविवारी लागोपाठ पाहा. डबिंग मात्र नको, सबटायटल्स लावा. रेवतीच्या आवाजात जो थकवा आहे तो डबिंगमध्ये येणार नाही.