फादरांना बोलावलं म्हणून माणूस जात नाही

सोलापुरातली बरीचशी जुनी ख्रिस्ती घरं अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट मिशनच्या मंडळ्यांतली. त्या मंडळ्या 1970 साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे सीएनआयमध्ये आल्या. आता त्या घरांतली मुलंमुली पुण्यात नोकरीला जातात, कॅथलिक सहकाऱ्यांशी ओळखी होतात, लग्नं ठरतात, आणि मग माझ्यासारख्या कॅथलिक फादराकडे चिठ्ठ्या येतात. चिठ्ठ्या निरनिराळ्या, गोंधळ तेच. म्हणून यावेळी प्रॉटेस्टंट वाचकांचेच प्रश्न घेतले आहेत.

माझा बाप्तिस्मा लहानपणी सीएनआय चर्चमध्ये झाला. कॅथलिक व्हायचं ठरवलं तर पुन्हा घ्यावा लागेल का?

नाही. पाणी, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचं नाव, एवढं झालं की बाप्तिस्मा झाला, आणि तो दोनदा होत नाही. दाखला काढून ठेवा. कुठल्या घरगुती सभेत 'फक्त येशूच्या नावाने' झाला असेल तर मात्र ते दडवू नका, फादरांना आधीच सांगा.

तुम्ही पापांना छोटं-मोठं असे नंबर देता म्हणे. देवापुढे पाप ते पापच ना?

योहानाचं पहिलं पत्र उघडा, पाचवा अध्याय, वचनं 16 आणि 17. मरणाकडे नेणारं पाप आणि तसं न नेणारं पाप हा भेद तिथेच आहे, आम्ही रोममध्ये बसून काढलेला नाही. मरणाकडे नेणारं ते महापाप, आणि ते व्हायला तीन गोष्टी एकदम लागतात: कृत्य गंभीर हवं, ते गंभीर आहे हे करणाऱ्याला ठाऊक हवं, आणि त्याने ते आपखुशीने केलेलं हवं. भावाची खोटी सही करून त्याची जमीन सातबाऱ्यावर स्वतःच्या नावे चढवली, आणि मंडईत भाजीवाल्याने चुकून दहा रुपये जास्त परत दिले ते गुपचूप खिशात घातले. दोन्ही चोऱ्याच. पहिलीने देवाशी नातं तुटतं, दुसरीने ते मळतं. लघुपाप म्हणजे 'चालतंय की' असं मात्र नव्हे.

स्वतःचं कुठलं पाप कुठल्या रकान्यात बसतं हे घरी बसून ठरवू नका. काही जणांना कशातच पाप दिसत नाही, काहींना आंघोळीला उशीर झाला तरी महापाप दिसतं. दोघांनीही एखाद्या अनुभवी धर्मगुरूशी समोरासमोर बोलावं.

आमच्याकडे शिकवतात की आपलं तारण कृपेने आणि कॅथलिकांचं कर्माने. खरं आहे का?

ऐकीव आहे. ट्रेंटची कॅथलिक धर्मसभा प्रॉटेस्टंट चळवळीला उत्तर द्यायलाच भरली होती, 1545 ते 1563. तिच्या 1547च्या ठरावातच लिहिलंय की नीतिमान ठरण्याआधी माणसाने केलेलं काहीही, विश्वास असो की कर्म, ती कृपा कमावून देत नाही. पुढे 31 ऑक्टोबर 1999 रोजी, म्हणजे प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने आपले प्रबंध मांडले त्या तारखेलाच, ल्यूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी जर्मनीत आउग्सबुर्गला या विषयावर संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. 2006 मध्ये मेथडिस्ट आले, 2017 मध्ये रिफॉर्म्ड चर्चेस आली. सह्यांची शाई वाळून पाव शतक झालं, आपल्याकडे भाषणं जुनीच चालू आहेत. आमच्या काही फादरांचीसुद्धा, हे कबूल करतो.

सगळंच मिटलंय असं नाही. आम्ही मानतो की देव माणसाला नुसतं नीतिमान 'ठरवून' सोडत नाही, आतून तसा घडवायला लागतो. आणि ही कृपा महापापाने गमावता येते, पश्चात्तापाने परत मिळते. तुमच्याकडे बऱ्याच जणांना हे पटत नाही. तुमच्या पाळकसाहेबांना घेऊनच या, चहा माझ्याकडे.

पाप माणसापुढे का कबूल करायचं? आणि त्याचे पैसे किती?

योहान 20:23 वाचा, येशूने शिष्यांना पापक्षमेचा अधिकार दिला तो तिथे आहे. पैसे शून्य. कुणी मागितले तर बिशपांना कळवा.

पापनिवेदनात ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाही, कबुली देणाऱ्याच्या बायकोने विचारलं तरी नाही, पोलिसांनी विचारलं तरी नाही. ते सरळसरळ फोडणारा धर्मगुरू त्याच क्षणी धर्मबहिष्कृत होतो. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर पापनिवेदन होत नाही, हे तिसऱ्यांदा लिहितोय. प्रॉटेस्टंट व्यक्तीला आम्हाला एरवी हा संस्कार देता येत नाही. मन मोकळं करायला, सल्ला घ्यायला मात्र खुशाल या.

पैसे भरून शुद्धीस्थानातून, म्हणजे मेल्यावर आत्मा शुद्ध होतो म्हणतात तिथून, सुटका अजून विकतात का? आणि स्टेशनजवळ एक जण फादरांनी मंत्रलेलं तेल अडीचशेला देतो, आजारावर घ्यावं का?

पापदंडमाफीच्या नावाने पैसे घेणाऱ्या सगळ्या सवलती पोप पायस पाचवे यांनी 1567 मध्येच रद्द केल्या. दंडमाफी म्हणजे पापाची क्षमा नव्हेच. क्षमा आधी झालेली असते, तिच्यामागे उरलेल्या दंडाची ती गोष्ट आहे. मिस्सेसाठी, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेसाठी, लोक देतात ते दान. ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठीही मिस्सा होते.

तेल घेऊ नका. आम्ही मंत्रत नाही आणि विकतही नाही. संस्काराचं तेल बिशप पवित्र आठवड्यातल्या खास मिस्सेत आशीर्वादित करतात आणि ते चर्चमध्ये कुलपात असतं. अडीचशेची औषधं आणा, डॉक्टरांना विचारून.

माझ्या सासूबाई कॅथलिक, मी सीएनआयची. त्यांना पक्षाघात होऊन आठ दिवस झाले, दवाखान्यात आहेत, बोलता येत नाही. फादरांना बोलवावं असं मला वाटतं, पण नणंद म्हणते, फादर आले की माणूस जातो, आईला धसका बसेल. काय करू?

बोलवा. आजच.

नणंदबाईंचं वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गेल्या पावसाळ्यात रात्री दीड वाजता फोन आला. अंगावर रेनकोट, खिशात तेलाची डबी, स्कूटरवर गेलो. पोचलो तेव्हा आजारी बाईंच्या छातीवरच्या वायरी नर्स काढत होती. मुलगा म्हणाला, "फादर, तेल लावा लवकर." मेलेल्या माणसाला तेल लावत नाहीत. मी प्रार्थना केली, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि परत आलो. त्या बाई तीन आठवडे तिथे होत्या. त्यातले पंधरा दिवस चांगल्या शुद्धीत, दवाखान्याचा वरणभात नको, भाकरी आणि शेंगाचटणी द्या म्हणून सुनेशी भांडत होत्या. त्या पंधरा दिवसांत मला कुणी बोलावलं नाही. कारण हेच, आईला धसका बसेल.

आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायचा हा संस्कार मरणाचा नाही. जुन्या लोकांच्या तोंडी 'शेवटचा अभ्यंग' हे नाव बसलं आणि त्यानेच घात केला. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने 1963 मध्ये स्पष्ट सांगितलं की याला आजाऱ्यांचा अभ्यंग म्हणणंच जास्त योग्य, आणि तो केवळ अखेरच्या घटकेसाठी नाही. मोठ्या ऑपरेशनच्या आधी घेता येतो. म्हातारपणाने शरीर खचलं असेल तर घेता येतो. बरं होऊन पुन्हा आजार उलटला तर पुन्हा घेता येतो. तुम्हा प्रॉटेस्टंटांना आधार हवा असतो, तो याकोब 5:14 मध्ये आहे: आजाऱ्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. 'बोलवावं' हे काम तिथे आजाऱ्याकडे दिलंय, म्हणजे तो शुद्धीत आहे असंच धरलंय ना?

प्रत्यक्षात घडतं ते फार साधं. फादर काही न बोलता डोक्यावर हात ठेवतात, मग कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल लावून प्रार्थना म्हणतात. पाच-दहा मिनिटं. झेपत असेल तर आधी पापनिवेदन, नंतर ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेली भाकर. मरण खरंच जवळ आलं असेल तेव्हाच्या ख्रिस्तशरीराला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ शिदोरी. सिद्धेश्वर एक्स्प्रेस सुटल्यावर फलाटावरून धावत डबा देणारे लोक मी पाहिलेत. डबा बहुतेक वेळा हातातच राहतो.

आता तुमच्यापुरतं. पक्षाघातात गिळायला त्रास होतो, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. म्हणून ख्रिस्तशरीर द्यायचं की नाही हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका. अगदी छोटा कण देता येतो, तोही नको म्हणाले तर नुसतं तेल पुरे. आयसीयूत असतील तर आत जायची परवानगी आधी काढून ठेवा. औषधं, फिजिओथेरपी काहीही थांबवायचं नाही. हा संस्कार फक्त धर्मगुरूच देऊ शकतात, पण तुमचे पाळक शेजारी उभे राहून प्रार्थना करणार असतील तर मला आनंदच आहे. तुम्हीही थांबा. आणि मुख्य म्हणजे सासूबाईंना विचारा. बोलता येत नसलं तरी हात हातात घेऊन विचारा, 'फादरांना बोलवू का?' हात दाबतील. नणंदबाईंना त्या वेळी तिथेच उभं करा.

कॅथलिक मैत्रिणीच्या लग्नाच्या मिस्सेत मी ख्रिस्तशरीर घेऊ शकते का?

नाही. आमच्याकडे ते घेणं म्हणजे या चर्चशी पूर्ण एकी आहे असं जाहीर करणं. अपवाद आहेत, पण ते मरणाच्या दारातले किंवा तितक्याच निकडीचे, आणि ते बिशपांच्या नियमांनुसार ठरतात. रांगेत यायचंच असेल तर हात छातीशी घ्या, फादर आशीर्वाद देतील.

कॅथलिक मुलाशी लग्न ठरलंय, 20 मेचा हॉल घेतलाय. त्याआधी मला कॅथलिक व्हावं लागेल का?

नाही, आणि लग्नासाठी म्हणून होऊही नका. अशा घाईतल्याला मी तरी घेणार नाही. बिशपांची परवानगी लागते. मुलगा स्वतःचा विश्वास सोडणार नाही आणि मुलाबाळांना कॅथलिक म्हणून वाढवायचा होईल तितका प्रयत्न करेल असं वचन देतो, आणि ते तुम्हाला आधी नीट समजावून सांगितलं जातं. न समजलेलं तिथेच विचारा, लग्नानंतर नको. हॉलच्या आधी फादर, हा क्रम तुम्ही उलटा केलात. बाप्तिस्म्याचे दोघांचे दाखले घेऊन या रविवारीच मुलाच्या चर्चमध्ये जा, आणि तोवर पत्रिका छापायला टाकू नका.