खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर वेदना कमी व्हाव्यात म्हणून स्पायनल भुलेसोबतच (पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करणे) वेगळा नर्व्ह ब्लॉकही (मज्जातंतूंजवळ औषध सोडून ठरावीक भाग बधिर करणे) घ्यावा का?

हो, बहुतेक रुग्णांना तो उपयोगी पडतो, कारण स्पायनल भूल साधारणपणे काही तासांतच उतरते आणि तीव्र वेदना त्यानंतरच्या पहिल्या दिवसात जाणवतात. खुब्याच्या सांध्याच्या पुढील आवरणाची संवेदना मुख्यतः फिमोरल आणि ऑब्च्युरेटर या मज्जातंतूंच्या शाखा वाहून नेतात. सोनोग्राफीच्या साहाय्याने त्या शाखांजवळ, किंवा जांघेतील फॅशिया इलियाका या पडद्याखाली बधिर करणारे औषध सोडले, तर मॉर्फिनसारख्या औषधांची गरज घटते आणि त्यांच्यामुळे होणारी मळमळ व गुंगीही कमी होते, जे वयस्कर रुग्णांसाठी फार मोलाचे आहे. प्रॉस्पेक्ट या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत फॅशिया इलियाका ब्लॉक किंवा शल्यचिकित्सकाने सांध्याभोवती दिलेले बधिरीकरणाचे इंजेक्शन, यांपैकी एक उपाय सुचवला आहे. मात्र दोन्हींसोबत पॅरासिटामॉल आणि मूत्रपिंडांना झेपत असल्यास दुसरे वेदनाशामक नियमित वेळेवर देणे अपेक्षित आहे. माझ्या मते घरच्यांनी सर्वाधिक लक्ष या नियमित गोळ्यांकडे द्यावे, कारण ब्लॉक उतरल्यावर आधार त्यांचाच असतो. एक मर्यादा मात्र आहे: फॅशिया इलियाका ब्लॉकमुळे मांडीच्या स्नायूंची ताकद काही तास कमी होऊ शकते, त्यामुळे पहिल्यांदा उभे राहताना रुग्णाने फिजिओथेरपिस्ट किंवा परिचारिकेचा आधार घेतलाच पाहिजे.