तोंडी ‘चालेल’वर नळ्या बसवू नका

तुम्ही लिहिलंय की साइडिंगला वर्षानुवर्षं पडून असलेलं एक छोटं वाफेचं टँक इंजिन (पाण्याच्या टाक्या अंगावरच असलेलं) आणि दोन लाकडी डबे तुमच्या गटाला मिळालेत. बॉयलरच्या जुन्या नळ्या काढून झाल्या आहेत. तपासणी अधिकारी येऊन आतून बघून गेले आणि ‘करून टाका, पत्र मागाहून मिळेल’ असं म्हणाले. नव्या नळ्या शेडमध्ये येऊन पडल्यात, मंडळींचे हात शिवशिवतायत, आणि पत्राचा पत्ता नाही. मग थांबायचं की सुरू करायचं?

थांबा. ‘पत्र मागाहून मिळेल’ हे वाक्य वाचलं आणि म्हटलं, आता सविस्तरच लिहितो. आमच्या इंजिनाची कित्येक वर्षं ह्या एका वाक्यानं खाल्ली.

पण त्याआधी दुसरी गोष्ट, ती जास्त तातडीची आहे. बॉयलरवरचा क्लॅडिंगचा, म्हणजे बाहेरच्या आवरणाचा, पत्रा काढल्यावर खाली पांढरा भुसभुशीत थर निघाला आणि मुलं तो खरवडून पोत्यांत भरतायत, असं तुम्ही जाता जाता लिहिलंत. ते आजच्या आज बंद करा. प्रयोगशाळेचा अहवाल हातात येईपर्यंत तो थर अ‍ॅस्बेस्टॉसच आहे असं धरून चाला. झाडायचं नाही, कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवायचं नाही, तोंडाला रुमाल बांधून तर मुळीच हात लावायचा नाही. शेड बंद करा आणि परवाना असलेल्या लोकांना बोलवा. ह्याचा आजार वीस-तीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा वर येतो, त्यामुळे ‘आम्हाला तर काही झालं नाही’ असं सांगणाऱ्या जुन्या माणसाचं ऐकू नका. डबे लाकडी आहेत म्हणून तिथे निर्धास्त राहू नका. वाफेवर डबा गरम करायची सोय असेल तर खालच्या पाइपांना काय गुंडाळलंय ते बघून घ्या. आणि तुमच्याकडे पुढेमागे पोलादी डबा आला तर लक्षात ठेवा, ब्रिटिश रेल्वेच्या बऱ्याचशा मार्क 1 डब्यांच्या भिंतींत निळं अ‍ॅस्बेस्टॉस फवारलेलं असायचं.

आता पत्राकडे येतो. मी बॉयलर इन्स्पेक्टर नाही. प्रत्येक देशाचे नियम वेगळे, आणि तुमच्या इथे सही कोणाची चालते ते तुम्हालाच शोधावं लागेल. मी सांगतोय तो स्वयंसेवक म्हणून ह्या कामात आलेला अनुभव, त्याला कायद्याचा सल्ला समजू नका.

आमच्याही बॉयलरच्या नळ्या निघाल्या होत्या. बॅरलच्या (बॉयलरच्या गोल, लांबट भागाच्या) तळाला, पुढच्या ट्यूबप्लेटजवळ (नळ्यांची टोकं ज्या भोकं पाडलेल्या पत्र्यात बसतात त्याच्याजवळ), गंजाचे खड्डे होते. ही जागा बहुतेक इंजिनांत खराब निघते, कारण बंद पडलेल्या बॉयलरमधलं उरलंसुरलं पाणी आणि गाळ तिथेच साचून राहतो. अधिकारी आले, टॉर्च घेऊन आत शिरले, हातोडीनं ठोकून पाहिलं, खडूनं खड्ड्यांभोवती गोल काढले. बाहेर येऊन म्हणाले, हे वेल्डनं भरून घ्या, नळ्या बसवा, हायड्रॉलिक टेस्टला (पाण्याच्या दाबाच्या चाचणीला) मी येतो. आम्ही तिथेच विचारलं, हे लेखी मिळेल का? म्हणाले, एवढ्याशा दुरुस्तीला पत्र लागत नाही, शेवटच्या अहवालात सगळं येईल. आम्ही कार्यालयाला लेखी विनंती केली. उत्तर नाही. फोन केला तर फाइल वरच्या टेबलावर. पुन्हा फोन केला तर साहेब दौऱ्यावर. शेवटी एकानं जरा चिडूनच सांगितलं की साहेबांनी सांगितलंय ना, मग करा की काम.

काम केलं. वेल्डर परीक्षा दिलेला होता, त्याची कागदपत्रं होती. नळ्या बसल्या, एक्स्पांडरनं (नळीचं टोक आतून रुंदावणाऱ्या हत्यारानं) फुलवल्या, फायरबॉक्सच्या (कोळसा जळतो त्या पेटीच्या) बाजूच्या कडा वळवल्या. टेस्टची तारीख मागितली तेव्हा कळलं की साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला: नळ्या बसवायच्या आधी बॅरल आतून कोणी पाहिलं आणि त्याची नोंद कुठे आहे? कार्यालयाच्या फाइलमध्ये आधीच्या भेटीची एक ओळ होती, ‘स्थळास भेट दिली’. खड्डे किती खोल होते, कशानं भरायचे, कोणी मान्य केलं, कशाचाही उल्लेख नाही. आमच्याकडे अल्ट्रासोनिकनं बाहेरून घेतलेली जाडीची मापं होती, पण अशी मापं अरुंद खोल खड्डा सहज चुकवतात. आतून डोळ्यांनी बघण्याला पर्याय नाही, आणि नळ्या असताना बॅरलचा तळ दिसत नाही. हुकूम आला की नळ्या काढा.

ज्यानं हे काम केलंय त्याला ह्याचा अर्थ कळेल. बसवलेली नळी सुखासुखी निघत नाही. फुलवलेलं टोक छिन्नीनं चिरून आत दुमडावं लागतं, मग नळी ठोकून बाहेर काढायची. टोकं गेली की नळी त्या बॉयलरला आखूड पडते. म्हणजे नव्याकोऱ्या नळ्या, एकदाही वाफ न पाहता, भंगारात. शिवाय प्रत्येक वेळी नळ्या काढल्या-फुलवल्या की ट्यूबप्लेटची भोकं थोडी मोठी होतात, आणि भोकं अशी वाढत गेली की एक दिवस ट्यूबप्लेटच बदलायची वेळ येते. देणगीदारांना हे समजावून सांगताना जो त्रास झाला त्याबद्दल मी लिहीत बसत नाही. चांगले हात त्या काळात सोडून गेले, ते परत आले नाहीत, ह्याचं दुःख मला पैशांपेक्षा मोठं आहे.

नव्या साहेबांवर माझा राग नाही. त्यांच्या जागी मी असतो तरी न पाहिलेल्या बॉयलरवर सही केली नसती. बॉयलर फुटला तर माणसं मरतात. माझा राग त्या कार्यालयाच्या रीतीवर आहे, जिथे शब्द तोंडी द्यायचा आणि जबाबदारी कागदावर मागायची. स्वयंसेवक फुकट राबतात म्हणून त्यांचा वेळही फुकट, असं धरून चालणारी ही कार्यालयं आहेत. लेखी मागितलं की ‘तुमचा विश्वास नाही का’ असं ऐकवतात. विश्वासाचा प्रश्न नाहीच. आज आलेला माणूस उद्या त्या खुर्चीत नसतो, एवढाच मुद्दा आहे.

तर तुम्ही काय करायचं. नळ्या अजून बाहेर आहेत, म्हणजे तुमच्या हातात अजून सगळं आहे. तपासणीचा आराखडा लिहून काढा: कोणत्या टप्प्याला काम थांबेल, कोण येऊन बघेल, कशावर सही करेल. मोकळं बॅरल आतून आणि बाहेरून, फायरबॉक्स, स्टे (आतली-बाहेरची भिंत धरून ठेवणारे दांडे), फाउंडेशन रिंगचे (फायरबॉक्सच्या बुडाच्या कड्याचे) कोपरे, वेल्डिंग असेल तर त्याची पद्धत आणि चाचणीचा तुकडा, मग नळ्या, मग हायड्रॉलिक, मग वाफेवरची चाचणी. वेल्डिंगची पद्धत आधी मंजूर करून घ्या, वेल्डरचं प्रमाणपत्र पुरत नाही, हे आम्हाला तेव्हा सांगितलं गेलं जेव्हा वेल्ड होऊन नळ्यांखाली गेला होता. हा आराखडा अधिकाऱ्यांना द्या, आणि विमा उतरवणाऱ्या कंपनीचा वेगळा इंजिनिअर असेल तर त्यालाही त्याच दिवशी पाठवा. दोघांच्या मागण्या वेगळ्या निघतात आणि ते आधी कळलेलं बरं.

दुसरं म्हणजे, कोणी येऊन गेलं की त्याच संध्याकाळी मेल करा. ‘आज आपण अमुक भाग पाहिलात, अमुक सूचना केलीत, त्यानुसार आम्ही अमुक करणार आहोत, यात काही चुकीचं असल्यास कळवावे.’ खडूच्या खुणांसकट फोटो जोडा, फोटोत पट्टी ठेवून. उत्तर आलं नाही तरी नोंद राहते, मात्र उत्तर न येणं म्हणजे परवानगी असं समजून पुढे जाऊ नका. माझं मत असं की लेखी होकार येईपर्यंत बॉयलरवर झाकला जाईल असं एकही काम करू नये. कोणी म्हणेल हे फार ताणणं झालं. असेल, पण मी ह्यावर ठाम आहे.

नवा पत्रा आणलात तर त्याच्या प्रमाणपत्रावरचा हीट नंबर (पोलादाच्या ओतणीचा क्रमांक) आणि पत्र्यावर ठोकलेला नंबर जुळतोय का ते गाडीतून उतरवतानाच बघा. तुकडा कापायच्या आधी तोच नंबर दुसऱ्या तुकड्यावर ठोकून घ्या, आणि तो ठोकताना कोणीतरी साक्षीला असू द्या. कापल्यानंतर नंबर नसलेला तुकडा कितीही चांगला असला तरी बॉयलरसाठी तो निकामी.

हायड्रॉलिकबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. साधारणपणे कामाच्या दाबाच्या दीडपट घेतात, म्हणजे 10 बारच्या बॉयलरला 15 बार, पण आकडा अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. बॉयलर भरताना सगळ्यात उंच जागेतून हवा पूर्ण जाऊ द्या. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, त्यामुळे काही फुटलंच तर दाब झटकन उतरतो. आत हवा अडकली असेल तर तीच स्फोटासारखी सुटते. म्हणून हवेनं टेस्ट करू म्हणणाऱ्या उत्साही माणसाला शेडच्या बाहेर ठेवा. पाणी अगदी थंडगार नको, आणि दाब दाखवणारे गेज दोन लावा, दोन्ही तपासून आणलेले.

तुमच्या गटातले कोणी म्हणतायत की वेल्ड केलेला नवा पोलादी बॉयलर बसवला तर इंजिनाचं जुनेपण जाईल. मला हे पटत नाही. 2008 साली ब्रिटनमध्ये नव्यानं बांधून पूर्ण झालेल्या टॉर्नेडो ह्या वाफेच्या इंजिनाचा बॉयलर जर्मनीतल्या मायनिंगेनच्या कारखान्यात झाला, तोही वेल्ड केलेला, पोलादी फायरबॉक्सचा, आणि त्यामुळे ते इंजिन कोणाला खोटं वाटलं नाही. इंजिन काम करताना एकामागून एक बॉयलर वापरतच आलेली आहेत. जुना बॉयलर शक्य असेल तर वाचवा, पण त्याच्या हट्टापायी माणसांचा जीव आणि इंजिनाची उरलेली वर्षं पणाला लावू नका.

आणि एक, हे थोडं विषयाबाहेरचं. वेल्समधल्या बॅरीच्या भंगारातून 213 इंजिनं वाचली हे उदाहरण प्रत्येक गट देतो, तुम्हीही दिलंत. ती वाचली हे खरंच थोर काम आहे. पण त्यातली कित्येक पुढे अनेक दशकं साइडिंगलाच उभी राहिली, काही अजूनही चाललेली नाहीत. सगळं एकदम उघडून बसू नका. 1951 साली स्वयंसेवकांनी वेल्समधलीच टॅलिलिन ही छोटी रेल्वे चालवायला घेतली तेव्हा त्यांच्याकडे चालण्याजोगं एकच इंजिन होतं, डोलगॉख. त्या एकावर त्यांनी पहिला हंगाम काढला, बाकीची दुरुस्ती मागाहून. पत्र येईस्तोवर तुमच्या मंडळींचे हात रिकामे राहतील ही काळजी असेल तर डब्यांना लागा. बॉयलरला लागतात तशा परवानग्या डब्याच्या शरीराला लागत नाहीत. धावायच्या वेळी चाकं, अ‍ॅक्सल आणि ब्रेक तपासून घ्यावे लागतील ते वेगळं.

इंजिनावर करता येण्यासारखंही काम आहे, पण अ‍ॅस्बेस्टॉस निघाल्यानंतरच. स्मोकबॉक्सच्या (चिमणीखालच्या धुराच्या पेटीच्या) तळाची राख काढा. कोळशाच्या राखेतलं गंधक ओल धरून आम्ल तयार करतं आणि तळाचा पत्रा खातं. मग चिमणीवर झाकण घाला, पाऊस आत यायचा थांबेल. नट-बोल्ट निघाले नाहीत तर लगेच गॅसनं कापू नका. इंजिन ब्रिटिश बनावटीचं असेल तर चुड्या (बोल्टचे आटे) व्हिटवर्थ ह्या जुन्या ब्रिटिश मापाच्या असतात, 55 अंशांच्या. आजच्या मेट्रिक 60 अंशांच्या, त्या तिथे बसत नाहीत, आणि पानेही वेगळे लागतात. जुना बोल्ट वाचला तर तो वापरता येतो, गेला तर तसा बनवून घ्यावा लागतो.

डब्यांचं काम छतापासून सुरू करा. रंगापासून करायचा मोह सगळ्यांना होतो, कारण रंगवलेल्या डब्याचा फोटो छान येतो आणि देणग्या येतात. पण लाकडी डबा वरून मरतो. छताच्या कॅनव्हासला बारीकशी चीर गेली की पाणी कडेच्या तुळईत शिरतं, तिथून खांबांत उतरतं, आणि बाहेरून पॅनल ठणठणीत दिसत असताना आत लाकूड कुजतं. अणकुचीदार टोच्यानं टोचून बघा, नखानं नको. रंग खरवडायचा झाला तर कोरडा घासू नका, जुन्या थरांत शिसं असतं. एखाद्या कोपऱ्यात छोटा तुकडा ओला घासून कडा हळूहळू उतरवत न्या, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे रंगांचे सगळे थर एकाखाली एक दिसतील. त्याचा फोटो घेऊन ठेवा, डब्याचा मूळ रंग कोणता ह्यावरचे वाद तिथेच मिटतात.

छताचे फोटो टाका. चारही कोपरे, आणि व्हेंटिलेटरच्या बुडाशी कॅनव्हास कसा बसलाय तेही जवळून. आराखड्याचा मसुदा तयार झाला की तोही टाका, मी ओळ न् ओळ वाचून सांगतो.